वाळूला लागली की बाईची

हिराने जमनाला विचारलं त्यात वावगं काहीच नव्हतं. बोईसरच्या बाजारात दोघींच्या पाट्या इतकी वर्षं एकमेकींना टेकून आहेत, आणि भाव विचारणं म्हणजे तिथे रामराम घालण्यासारखंच. "काल तुमच्या कोळंबीला काय लागला गो?" जमनाच्या पुढ्यात मांदेली होती, थोडे बोंबील होते, कोळंबी औषधालाही नव्हती. ती म्हणाली, कोळंबी कुठली, आठवडाभर दिसली नाही. पाण्याचा शिपका मारता मारता हिराचा हात थांबला. "असं काय करतेस? आमचा जानू तुमच्याच होडीवर हाय ना. पाट्या भरून मिळते म्हनतो." जानू हिराचा भाचा, जमनाच्या नवऱ्याच्या होडीवर खलाशी. तो आत्याशी खोटं कशाला बोलेल? जमना घाईने म्हणाली, हां, ती होय, ती दिली परस्पर. मग हिराने साहजिकच विचारलं, कितीला. जमनाने तोंडाला आला तो भाव सांगून टाकला, गेल्या पावसाळ्याआधीचा. मान खाली घालून हिरा माश्या हाकलायला लागली. त्यावरूनच जमनाला कळलं की खरा भाव हिराला ठाऊक आहे, सगळ्या बाजाराला ठाऊक असेल, आणि आपण सांगितला त्याच्या तो पुष्कळ वर आहे.

राग यायला थोडा वेळ लागला. आधी लाज आली. कानाच्या पाळ्या तापल्या, तळहाताला खाज सुटली. दांडी गावची बाई, घरची होडी, आणि घरच्या कोळंबीचा भाव तिला ठाऊक नाही. बाजारात नागडं बसल्यासारखं वाटलं तिला. आजूबाजूच्या बायका नेहमीसारख्याच ओरडत होत्या, गिऱ्हाइकं नेहमीसारखीच मासे दाबून बघत होती, पण जमनाला वाटायला लागलं की त्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्या मुद्दाम दुसरीकडे बघताहेत. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतला एक आचारी मांदेली विचारायला आला, तेव्हा ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मग तिने उरलेली मासळी हिराच्या पाटीत ओतली, काय देशील ते दे म्हणाली, आणि रिकामी पाटी उचलून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आतापर्यंत लाज पार निवली होती. आता नुसता राग होता, आणि तो बरा वाटत होता. रागाला निदान तोंड असतं.

माणूस चोरी करतो ती दुसऱ्याच्या घरात. हा आपल्याच घरची कोळंबी आपल्याच बायकोपासून चोरतो. इथे गाळ साचलाय, होडी आता खाडीच्या तोंडाशी लावतो, असं तिचा नवरा कमलाकांत म्हणाला होता, आणि तिने मान डोलावली होती. गाळ! दांडीच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या बाईला गाळ शिकवतो. आणि आपण ऐकलं. रोज सकाळी पाटी घेऊन पहिल्या गाडीने बोईसर गाठलं आणि मागे तो खाडीच्या तोंडाशी भरती साधून माल विकत राहिला. त्याच्या खिशात हल्ली काही वाजतं हे काय तिला कळलं नव्हतं? विडीकाडीसाठी आपल्यापुढे हात पसरणारा माणूस, गेले काही दिवस त्याने हात पसरला नव्हता. तिला वाटलं, खोकला आहे म्हणून विडी सोडली असेल. तिने त्याला आल्याचा काढा करून दिला होता. काढ्याची आठवण होताच तिला इतका संताप आला की पाटीची कड मुठीत कचकन दाबली गेली आणि बांबूची एक काडी तुटली. एसटी आली. कंडक्टरने नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावून तिला मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. इतर दिवशी तिने त्याला टोमणा मारला असता. आज ती मुकाट्याने मागे जाऊन बसली, कारण सगळे शब्द तिला एकाच माणसासाठी राखून ठेवायचे होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने तिला किनाऱ्यावर नेलं होतं. बायडी नावाची ती बाई, उभ्या दांडीत तिच्या जिभेला तोंड द्यायला कोणी धजत नसे. होडी आली, पुरुषांनी पाट्या गुडघाभर पाण्यात बायकांच्या हातात दिल्या, बायकांनी त्या आणून वाळूवर रित्या केल्या. सासूने नव्या सुनेच्या हाताला धरून तो ओला ढीग चाचपायला लावला आणि सांगितलं, पाण्यात हाय तवर त्याची, वाळूला लागली की बाईची. एवढंच. ना पूजा, ना नारळ. पण त्या दिवसापासून कमलाकांतने कधी वाळूवरच्या माशाला विकण्यासाठी हात लावला नाही. दर्याशी काय ते तो बघे; वाळूच्या अलीकडचं जग जमनाचं. भाव ती करी, उधारी ती ठेवी, जाळ्याचं सूत ती आणी, घरावर कौलं तिने चढवली. कोणी पुरुष बाजारात भाव करायला उभा राहिला तर बायका त्याला विचारत, का रे बाबा, बायको मेली का? आणि तो खाली मान घालून निघून जाई. ही काही कागदावरची गोष्ट नव्हती. म्हणूनच तर ती कोणी काढून घेईल असं तिला स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

गाडी पाम गावाजवळ आली तशी बाहेर धूळ दिसू लागली. अणुवीज केंद्राच्या कामाची धूळ, चार-पाच वर्षं ती खाली बसलीच नव्हती. त्या कामावर तिचा मुलगा दादू होता. होडी नको म्हणाला, रोज ठरलेला पगार मिळतो म्हणाला, आणि डोक्यावर टोपी घालून सिमेंट कालवायला गेला. तिने जाऊ दिलं. लग्न करून दिलं, आनंदी सून म्हणून घरात आली. आणि गेल्या महिन्यात त्याला सांगितलं, काम संपत आलं, आता एवढे मजूर नकोत. आता तो दिवसभर पडवीत बसून असतो, होडीवर जायला लाजतो, बापाने बोलावलं की पाठ दुखते म्हणतो. ज्या कामासाठी एवढे डोंगर फोडले, एवढी माणसं कुठून कुठून आणली, ते काम म्हणे संपतं. दर्याचं काम कधी संपलंय का? त्याच कामावरचे गोरे साहेब कधीमधी जीप घेऊन किनाऱ्यावर यायचे, पापलेट घ्यायचे. सांगितलेला भाव तसाच द्यायचे, एक अक्षर न बोलता. तेव्हा जमना आणि सगळ्या बायका त्यांना हसल्या होत्या, काय खुळी माणसं म्हणून. आता खिडकीतून ती धूळ बघताना तिला वाटलं, खुळे ते नव्हते. ज्याला भाव करायची गरज पडत नाही तो खुळा नसतो.

खरं तर हे एकदा होऊन गेलं होतं, तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. सोडे रंगूनला जायचे. रंगून म्हणजे ब्रह्मदेश, एवढं तिला ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर यायच्या त्या तिथल्या बायका, भातावर तिचे सोडे परतून घालणाऱ्या. कोळंबी सोलायची, उन्हात वाळवायची, आणि पालघरचे व्यापारी खंडेराव येऊन पडवीत बसायचे. बसायचे म्हणजे सकाळचे संध्याकाळपर्यंत. चहा व्हायचा, भांडण व्हायचं, खंडेराव उठून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. तुझ्या हाताला चव हाय जमना पण जिभेला नाय, असं म्हणायचे आणि तिच्याच भावाने माल न्यायचे. मग एका साली ते आले आणि चहासुद्धा न घेता म्हणाले, रंगून बंद झालं. तिथलं राज्य बदललं, बाहेरचा माल नको म्हणतात. कायमचा नको? कायमचा असं दिसतंय. जमनाने भाव उतरवला. खंडेराव मान हलवत राहिले. तिने आणखी उतरवला, तिला वाटलं हा नवीन डाव आहे. आणि मग तिने पाहिलं की त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंय, तेव्हा ती घाबरली. त्या पावसाळ्यात घरातले सोडे किड्यांनी खाल्ले. एवढा राग आला होता तेव्हा, पण घालायचा कोणावर? रंगून काही बोईसरला नव्हतं. राग तसाच आत राहिला आणि तिला वाटलं, विरला.

दांडीला उतरल्यावर ती घरी गेली नाही. पाटी काखेला लावून तशीच किनाऱ्याने खाडीच्या तोंडाकडे चालू लागली. भरती लागत होती, होड्या यायची हीच वेळ. ऊन डोक्यावर होतं, वाळू चटके देत होती, आणि चालता चालता ती काय काय बोलायचं ते जुळवत होती. पण वळण घेऊन पलीकडे गेल्यावर जे दिसलं त्याने तिचं जुळवलेलं सगळं सांडून गेलं. पाण्यात बैलगाडी उभी होती. आसापर्यंत चाकं बुडालेली, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत, गाडीत लाकडी पेट्या आणि पेट्यांत बर्फ. कमलाकांतची होडी गाडीला येऊन भिडली होती, आणि जानू होडीतून कोळंबीच्या पाट्या उचलून सरळ गाडीत देत होता. वर रस्त्यावर लॉरी उभी होती. पाण्यातून गाडीत, गाडीतून लॉरीत. वाळूला ती कोळंबी लागतच नव्हती. जमनाला सगळं एका दमात समजलं, आणि त्या चलाखीचं क्षणभर तिला कौतुकसुद्धा वाटलं. मग रागाने डोळ्यांपुढे अंधारी आली.

गाडीवर पायजमा वर खोचून एक तरणा माणूस उभा होता, मुंबईच्या कंपनीचा एजंट. त्याने तिला आदराने नमस्कार केला. हा आदर तिला सगळ्यात झोंबला. शिवी दिली असती तर दुसरी शिवी देता आली असती. ती मांडीभर पाण्यात शिरली आणि त्याच्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "ही कोणाची कोळंबी?"

कमलाकांतने आधी दुसरीकडे पाहिलं. हातातला दोर उगाच गुंडाळला, सोडला. मग तो हळूच म्हणाला, "पान्यात हाय तवर माजी. तुज्या सासूनंच सांगलंय."

जानू हसला आणि लगेच गप्प झाला. जमनाला तिचीच सासू कोणीतरी मसणातून उठवून तिच्याविरुद्ध साक्षीला उभी केल्यासारखं वाटलं. कमलाकांत मग भराभर बोलत सुटला. होडीला मशीन बसवायचं आहे, मशीन बसवलं तर लांब जाता येईल, दादू परत येईल, मशीन म्हटलं की पोरं येतात. तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस, आणि हे लोक भांडणाऱ्या बाईकडून माल घेत नाहीत, दुसऱ्या गावाला जातात. त्याच्या आवाजात खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच तिला तो असह्य झाला. मग ती एजंटाकडे वळली. काय भाव देता? त्याने सांगितला. तिने ऐकलेल्या कुठल्याही भावापेक्षा तो मोठा होता. तरी सवयीने तिच्या तोंडून पुढचा आकडा निघाला, थोडा वरचा. हसण्यासारखं काही नव्हतं, तो हसलाही नाही. "मावशी, भाव माझ्या हातात नाही. मला मुंबईहून येतो, त्यांना अमेरिकेहून येतो. रुपया पडला तेव्हापासून तिकडे आपली कोळंबी स्वस्त पडते, म्हणून भाव चढला. उद्या उतरला तर उतरलेला सांगेन. मी फक्त सांगतो."

मग भांडायचं कोणाशी? रुपया पडला तेव्हा तिला कळलं ते रॉकेल महागलं म्हणून. कोणीतरी कुठेतरी बसून रुपया पाडला, कोणीतरी रंगून बंद केलं, कोणीतरी दादूला घेतलं आणि टाकलं, आणि या सगळ्यांतला एकही माणूस तिच्या पडवीत येऊन बसला नव्हता. आयुष्यभर तिने माणसाच्या डोळ्यांत बघून भाव केला. गिऱ्हाईक पाटीवरून नजर कधी हलवतं, खिशाकडे हात कधी जातो, हे बघून केला. ज्याला डोळेच नाहीत त्याच्याशी काय करायचं? हा पोरगा तर नुसता निरोप्या. गाडीवानाने चकचक केलं, बैल वळले, भरलेली गाडी पाण्यातून वर यायला लागली. ती बरोबर चालत होती, ओलं लुगडं मांड्यांना चिकटलेलं, आणि तिला ठाऊक होतं की ही गाडी लॉरीला लागली की आपण संपलो. उद्या सगळ्या होड्या इथेच लागतील. दांडीच्या बायका पाट्या घेऊन कशाला उभ्या राहतील मग? शोभेला?

गाडीची चाकं ओल्या वाळूवर आली आणि जमनाने बैलाची वेसण धरली. गाडीवान ओरडला. ती चाकावर पाय देऊन वर चढली, पहिली पेटी दोन्ही हातांनी कलंडवली, मग दुसरी, मग तिसरी. बर्फ आणि कोळंबी धो धो करत खाली आली आणि वाळूवर पसरली. तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही. एजंटसुद्धा नाही. खाली उतरून ती त्या ढिगासमोर उभी राहिली, छाती धपापत होती, आणि ती अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता वाळूला लागली. आता माजी. आता माज्याशी भाव करा."

एजंट खाली वाकला. त्याने एक कोळंबी उचलली, पोटाकडून बोटाने उघडून बघितली, आणि पायांच्या बेचक्यात शिरलेली वाळू तिला दाखवली. रागावून नाही, दुकानातला माणूस फाटलेलं कापड दाखवतो तसं. "आता हा माल जात नाही, मावशी. धुतला तरी नाही. तिकडे एक कण सापडला तर अख्खा साठा परत येतो. म्हणून तर गाडी पाण्यात घालतो आम्ही." ती त्या कोळंबीकडे बघत राहिली. ज्याने ती तिची झाली त्यानेच ती मातीमोल झाली होती. दांडीतल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं, हा विचारही तिला आधार देईना. उलट त्याचाच जास्त संताप आला: सासूने दिलेलं एकच हत्यार, आणि ते चालवलं तर आपल्याच हातावर. कमलाकांत होडीतून उतरून आला, ढीग बघितला. त्याने रागवायला हवं होतं. तो वाळूत उकिडवा बसला आणि कोळंबी एकेक करून पाटीत भरू लागला, आणि त्याचे खांदे बघून तिला कळलं की मशीन गेलं.

मग मात्र ती हलली. मासळी कोणाच्या मानापमानासाठी थांबत नाही, उन्हात तर नाहीच. खाडीच्या पाण्यात धुवायची, सोलायची, वाळत घालायची. सोडे झाले तर बोईसरला काही ना काही येईल. आरडाओरडा ऐकून बायका आल्या होत्या, त्यांच्यात सून आनंदीही होती. ढिगाभोवती गोल करून सगळ्या बसल्या आणि हात चालू झाले. डोकं मोडायचं, अंगठ्याने कवच सोडवायचं, पाठीचा काळा दोरा ओढायचा. नुसता तो चरचर आवाज. जमनाच्या मनातला राग त्या आवाजात थोडा थोडा निवायला लागला होता. दुसरी होडी यायची वाट बघत एजंट जवळच उभा होता. आधी तो पाण्याकडे बघत होता. मग त्याचं लक्ष बायकांच्या हातांकडे गेलं आणि तिथून हलेना. तो जवळ आला. जमनाच्या बाजूला येऊन वाकून बघू लागला, एक कोळंबी झाली, दुसरी, तिसरी. मघाशी माल बघतानाही त्याच्या चेहऱ्यावर एवढी आस्था नव्हती.

तो म्हणाला, सरावलीच्या बाजूला कंपनीची शेड उभी राहतेय. तिथे सोलायला बायका लागणार, पुष्कळ. बाहेरच्या आणल्या तर शिकवाव्या लागतात, माल फुकट जातो. "असे हात आम्हाला पाहिजेतच." वजनावर पैसे मिळतील. भाव? भाव ठरलेला आहे. जमनाने मान वर केली. कोळंबी नको होती त्याला, हात हवे होते. सकाळपासून जे जे आत साठलं होतं ते सगळं वर आलं, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. नको त्या गिऱ्हाइकासमोर बाई पाटी झाकते तसे घट्ट झाकून घेतले, आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने नजर वळवली. बाकीच्या बायकांचे हातही थबकले. क्षणभर तिला वाटलं, सगळ्या झाकतील.

"गाडी कवा येते न्यायाला?" आनंदीने विचारलं. मान खाली, हात चालूच. तिच्या आवाजात ना लाज होती ना उर्मटपणा. घरात नवरा पडवीत बसून आहे, एवढंच होतं त्यात. सकाळी सातला येईल, एजंट म्हणाला. दुसऱ्या एकीने विचारलं, पोरं घेऊन आलं तर चालतं का. तिसरी नुसतीच सरसावून बसली. जमनाला आनंदीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि द्यायला हात बाहेर काढायला हवा होता. समोरचा ढीग अजून अर्ध्याहून जास्त होता. उन्हाने वरची कोळंबी पांढरट पडू लागली होती, आणखी थोड्या वेळात वास मारायला लागली असती. तिने हात बाहेर काढले आणि सोलायला सुरुवात केली. जितका राग जास्त तितके हात भराभर चालत होते, आणि तिला ते आवरेनात. एजंट पुन्हा तिच्याच हातांकडे बघत होता.